सहाव्या उत्तराचा प्रश्न

१

नर्सबाई हसल्या, आणि ते हसू साऱ्या शहरानं पाहिलं.

तुकडा एवढासाच होता. मुलाखत घेणारी विचारते, "पाळणाघराच्या आगीत ज्यांची मुलं गेली, त्या आया तुम्हाला भेटतात का?" आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्या नर्सबाई खुदकन हसतात. म्हणतात, "भेटतात की! परवाच दोघी आल्या होत्या. हसवून हसवून पोट दुखवलं मेल्यांनी माझं. अहो, आयांची गाऱ्हाणी कधी संपतात का? ऐकायची आणि सोडून द्यायची."

बस्स. त्याच्यापुढे नाही, त्याच्यामागे नाही. वाहिनीनं तो दिवसभर फिरवला आणि लोकांनी फोनाफोनांवरून पुढचे कित्येक दिवस. कुणी त्याला गाणं जोडलं. 'सोडून द्यायची' ही कॉलेजातल्या पोरांची म्हण झाली. मतदानात नर्सबाई सपाटून आपटल्या, याचं कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटावं अशी एक गोष्ट त्यानंतर घडली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बाई घरी तोंड लपवून बसल्या नाहीत. सरळ वाहिनीच्या कचेरीत आल्या आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांची खोली कुठे, असं त्यांनी विचारलं.

ती खोली जिन्याखाली होती. तिथे जजबाई बसत.

जजबाई निवृत्त न्यायाधीश. प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकायला कुणीतरी तटस्थ माणूस हवं, असा नियम आला, तेव्हा वाहिनीनं त्यांना आणून बसवलं होतं. देवळाबाहेर द्वारपाल असतो तसं. त्यानं कुणाला अडवावं अशी अपेक्षा नसते. येणाऱ्या तक्रारीही बेताच्याच. मालिकेतली सासू फार छळते, जाहिरातीचा आवाज मोठा आहे. जजबाई त्या ऐकून घेत, आणि नवऱ्याला घरी जाऊन सांगत की आयुष्यभर खुनाचे खटले चालवले आणि म्हातारपणी सासूचा न्याय करते आहे.

"बसा," जजबाई म्हणाल्या.

नर्सबाई बसल्या. ठेंगण्याठुसक्या, पन्नाशीच्या आतबाहेर. हात मांडीवर ठेवलेले.

"मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

२

हे वाक्य जजबाईंनी जन्मभर ऐकलं होतं. मी तिथे नव्हतोच, मी ते बोललोच नाही. पुढारी तर ते पाठ करूनच राजकारणात येतात.

"मग कोणता विचारला होता?"

"शेवटचा प्रश्न ना? तुमच्या हातांवर जन्मलेल्या मुलांच्या आया अजून भेटतात का, असा. मी बाळंतपणं करते हो. निम्म्या वॉर्डाची मुलं माझ्या हातांवर आलीत. मला हसू येणारच."

"हे तुम्ही तेव्हा सांगितलं नाहीत?"

"घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. सगळे म्हणाले, आता सारवासारव करते."

"मुलाखत कुठे झाली?"

"माझ्या घरी. त्या मुलाखत घेणाऱ्या बाई, कॅमेरावाले आणि मी. खुर्च्या दोनच. एकीवर त्यांना बसवलं, एकीवर त्यांचं सामान, मी बुटक्या स्टुलावर. झाल्यावर मी चहा ठेवायला आत गेले. त्या बाहेर एकट्याच बोलत होत्या. फोनवर असतील."

जजबाईंनी वही पुढे ओढली. "तुम्हाला नेमकं काय हवंय? माफी? भरपाई?"

"नको. निवडणूक गेली, जाऊ दे. दवाखान्यात बायका मला हात लावू देत नाहीत, तेही मी सोसते आहे." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्या आगीत माझा भाचा गेला. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. माझ्याच हातांवर जन्मला होता तो. धाकटीनं तो तुकडा पाहिला आणि माझ्या तोंडावर दार लावलं. तिला वाटतंय, मी तिच्यावर हसले. तिचा गैरसमज तेवढा दूर करा. मला दुसरं काही नको."

मग जजबाईंनी जे विचारलं ते कुणीही विचारलं असतं. "भाचा गेलाय, एवढं एकदा जाहीर बोलला असतात तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती की."

"झाली असती," नर्सबाई म्हणाल्या. "पण मी उभी राहिले तेव्हा धाकटीनं शब्द घेतला होता, माझ्या बाळाचं नाव मतांच्या बाजारात नेऊ नकोस. मी दिला. शब्द अडचणीच्या वेळी मोडायचा तर द्यायचा कशाला? तुम्हाला सांगितलंय ते तुमच्यापाशीच ठेवा."

"ठेवते," जजबाई म्हणाल्या.

३

संपादकसाहेबांची खोली वरच्या मजल्यावर, काचेची. ते जजबाईंशी नेहमीच फार अदबीनं वागत.

"मॅडम, तुम्ही येणार हे माहीतच होतं. या, मूळ चित्रीकरणच दाखवतो. आमच्याकडे काही लपवाछपवी नसते."

त्यांनी एडिटर मुलीला बोलावलं. चित्रफितींची कापाकापी आणि जोडणी हे तिचं काम. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं अगदी कमी. तिनं पडद्यावर नर्सबाईंचं उत्तर लावलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत नेलं. हसू, वाक्य, हातवारा, पुन्हा वाक्य. कुठे सांधा नाही, कुठे उडी नाही. कोर्टात असे तुकडे जजबाईंनी पुष्कळ तपासले होते. हा अखंड होता.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "उत्तराला कात्रीच लागलेली नाही. बाई हसल्या म्हणजे हसल्या. आता आम्ही आरसा दाखवला तर आरशाचा काय दोष?"

"उत्तरात म्हणतात, परवा दोघी आल्या होत्या. त्या दोघी कोण?"

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. मुलीनं टेबलाकडे पाहिलं.

"ते... आम्ही नाही विचारलं," साहेब म्हणाले.

"आगीत मुलं गेलेल्या सगळ्या घरांत तुमचे वार्ताहर जाऊन आलेत. त्यांच्यातली कुणी नर्सबाईंकडे हसायला गेली होती का, एवढं विचारायला एक फोन पुरला असता."

"मॅडम, बातमी गरम असते हो."

"गरम होती म्हणूनच तर भाजलं कुणीतरी," जजबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दोघी त्यांना संध्याकाळी सापडल्या. शोधायला काही करावंच लागलं नाही, नर्सबाईंनी पत्ता दिला. दोन तरुण जावा, एकीच्या कडेवर बाळ, दुसरीचं पाळण्यात. नर्सबाईंकडे काय बोललात, असं विचारलं तर दोघीही पुन्हा हसायला लागल्या. बाळ झोपू देत नाही, नवरा उठत नाही, सासू म्हणते आमच्या वेळी असं नव्हतं. आगीत त्यांचं कुणी गेलेलं नव्हतं.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारायला आलंच नाही," थोरली म्हणाली. "आणि आमचं ऐकणार कोण? टीव्हीवर दिसलं ना सगळ्यांना."

म्हणजे उत्तर खरं होतं, आणि नर्सबाईही खऱ्या होत्या. त्या मुलाखतीत प्रश्न आणि उत्तर या दोनच गोष्टी होत्या.

४

दुसऱ्या दिवशी जजबाईंनी कॅमेरामनला जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. तो दारातच उभा राहिला.

"मी फक्त चित्र बघतो, मॅडम. बोलणं माझं खातं नाही."

"मला चित्राचंच विचारायचंय. कॅमेरा किती होते?"

"एकच. कायम एकच असतो. तो बाईंच्या तोंडावर."

"मग प्रश्न विचारणारीचं तोंड कसं दिसतं?"

कॅमेरामन हसला. घरातल्यांना ठाऊक असलेली गोष्ट परक्यानं विचारली की माणूस हसतो तसा. "ते नंतर घेतो ना. आधी सगळी उत्तरं. प्रश्न चालू असताना कॅमेरा बंद, नाहीतर फाइल जड होते आणि कचेरीत पाठवायला वेळ जातो. प्रश्न संपला की मी भिंगापुढे बोटं धरतो, पहिलं उत्तर, दुसरं उत्तर असं. बोटं खाली गेली की पाहुण्यांनी बोलायचं. सगळं झालं की कॅमेरा तिपाईवर फिरवायचा आणि मॅडम तेच प्रश्न पुन्हा म्हणतात. आधी आकडा, मग प्रश्न."

"तेव्हा पाहुणे समोर असतात?"

"त्यांची काय गरज? बहुतेक वेळा निघून गेलेले असतात. मीसुद्धा कॅमेरा चालू ठेवून वायरी गुंडाळत असतो."

"आणि कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड?"

"पुसलं. दुसऱ्या दिवशी दुसरं शूटिंग होतं. फाइली कचेरीत गेल्या की सगळीच पुसतो."

तो गेल्यावर जजबाईंनी कार्यक्रम पुन्हा लावला. सुरुवातीला ओळखीपुरतं दोघींचं एकत्र दृश्य होतं. मुलाखत घेणारी खुर्चीवर, नर्सबाई बुटक्या स्टुलावर. बोलताना खुर्चीवालीची मान खाली वळलेली. मग सहावा प्रश्न आला. मान ताठ, हनुवटी वर, नजर सरळ समोर. डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात धार, पण ते सगळं नर्सबाईंच्या डोक्यावरून जात होतं. त्या नजरेच्या वाटेत स्टुलावरचं कुणी नव्हतंच. नर्सबाई तेव्हा आत चहा ठेवत होत्या.

जजबाई तडक एडिटर मुलीकडे गेल्या. ती मशीनपुढे एकटीच होती.

"प्रश्नांच्या फिती अजून आहेत?"

"आहेत."

"आकड्यासकट लाव."

पडद्यावर तो सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा आला. एक, आणि प्रश्न. दोन, आणि प्रश्न. पाणी, रस्ते, दवाखान्यातल्या खाटा, शाळा, पक्ष का बदललात. नर्सबाईंनी आठवून सांगितले होते तसेच्या तसे पाच. मग तोच चेहरा शांतपणे म्हणाला, "सहा." एक श्वास. आणि आगीचा प्रश्न.

"मी आकड्याला आकडा जोडला," मुलगी हळूच म्हणाली. "आम्ही तसंच करतो. मला विचित्र वाटलं होतं. साहेबांना म्हटलं, हे उत्तर काहीतरी चमत्कारिक येतंय. ते म्हणाले, सोनं आहे, हात लावू नकोस."

"सातवी फीत?"

"नाही. सहाच आहेत. उत्तरंही सहाच."

"मग झालं," जजबाई म्हणाल्या. मुलीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, पण तिची समजूत काढली नाही. "तुला विचित्र वाटलं होतं ना? पुढच्या वेळी वाटलं तर एवढ्यावर थांबू नकोस."

५

मुलाखत घेणारीला सगळे वाघीण म्हणत. हे नाव वाहिनीनंच दिलं होतं, चौकाचौकांतल्या फलकांवर लावून लावून रुजवलं होतं. तिच्यासारखे केस कापणाऱ्या मुली होत्या, तिच्या आवाजाची नक्कल करून पोट भरणारे नकलाकार होते. जजबाई गेल्या तेव्हा ती आरशापुढे बसली होती, गळ्याभोवती कागद खोचलेला, अर्धा चेहरा रंगवून झालेला. तिनं रंगवणाऱ्या बाईला बाहेर पाठवलं.

"सहावा प्रश्न कुठे गेला?" जजबाईंनी विचारलं.

"कोणता?"

"हातांवर जन्मलेल्या मुलांचा."

वाघिणीनं आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं. "आकडा चुकला असेल. दिवसाला किती मुलाखती घेते मी, तुम्हाला कल्पना नाही."

"आकडा चुकला असता तर खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याखाली सापडला असता. तो कुठेच नाही. आणि आगीचा प्रश्न तुम्ही खरंच विचारला असता तर त्याला सातवं उत्तर असतं. तेही नाही. म्हणजे जो विचारलात तो म्हटला नाहीत, आणि जो म्हटलात तो विचारला नाहीत. एवढ्या दोन चुका एकाच ठिकाणी, एकमेकींना बरोबर बसतील अशा, आपोआप होत नसतात."

"तुम्ही त्या राखेत उभ्या होतात?" वाघीण म्हणाली. "मी होते. एवढ्या एवढ्या चपला होत्या तिथे, ओळीत लावलेल्या. ती इमारत कुणाची? तिच्याच पक्षातल्या माणसाची. तो महिनाभर माझ्या कॅमेऱ्यापुढे आला नाही. त्याला वाचवणारे आले नाहीत. ही आली. आली आणि गोड गोड बोलून गेली. पाणी, रस्ते, खाटा! त्या मुलांसाठी कुणीतरी लढायला हवं होतं, बाई. त्या पक्षाला हरवायला हवं होतं, आणि मी हरवलं. मला लाज वाटत नाही."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या अर्ध्या रंगवलेल्या चेहऱ्यावर खरोखरच्या चपला दिसत होत्या, हे जजबाईंना कळत होतं, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. त्यांच्या ओठांवर एक वाक्य आलं. त्या चपलांतला एक जोड नर्सबाईंच्या भाच्याचा होता. एवढं म्हटलं असतं तर समोरची बाई जागच्या जागी कोसळली असती. जजबाईंनी ते वाक्य गिळलं. शब्द त्यांनीही दिला होता.

त्याऐवजी त्यांनी विचारलं, "मग त्या समोर बसल्या होत्या तेव्हाच हा प्रश्न का नाही विचारलात?"

वाघिणीनं गळ्याचा कागद काढला आणि त्याची घडी करत राहिली. "विचारला असता तर कदाचित रडली असती. मग सगळी मतं तिच्याच पदरात."

"म्हणजे उत्तर खरं येईल याची भीती होती."

तिनं कागदाची आणखी एक घडी घातली.

"मी न्यायाधीशाच्या खुर्चीवर होते तेव्हा," जजबाई म्हणाल्या, "आरोपीलासुद्धा आधी विचारत होते, तुला गुन्हा कबूल आहे का? दोषी आहे हे दिसत असलं तरी विचारायचं. त्याला आपल्या मनातलं उत्तर चिकटवायचं नाही. तुमच्या हातात माझ्यापेक्षा मोठं कोर्ट आहे, आणि तिथे अपील नाही."

संपादकसाहेबांनी सगळं ऐकून घाम पुसला आणि तोडगा काढला. पडद्याखालून जी बातम्यांची पट्टी सरकते, तिच्यात दिलगिरीची एक ओळ घालू. जजबाईंनी विचारलं, तुकडा पट्टीत दाखवला होता का? त्याच वेळेला, त्याच चेहऱ्यानं, सगळं उलगडून सांगायचं. नाहीतर मी राजीनामा देते आणि तो का दिला हे समोरच्या वाहिनीवर जाऊन सांगते. ही धमकी साहेबांना बरोबर समजली. समोरच्या वाहिनीइतकं त्यांना दुसरं कशाचंच भय नव्हतं.

६

कार्यक्रम लागायच्या आधी जजबाई धाकटीकडे गेल्या.

लहान घर. कोपऱ्यात मुलाची सायकल होती, तिच्यावर चादर घातलेली. धाकटीनं त्यांना बसायला सांगितलं, पण स्वतः उभीच राहिली. टीव्ही लावा, असं जजबाई म्हणाल्या तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा झाला. तरी लावला.

वाघीण आली. आज तिच्या तोंडाला रंग कमी होता. तिनं लिहिलेलं वाचलं नाही, समोर बघून सांगितलं. हा प्रश्न मी विचारला नव्हता. तो नंतर रिकाम्या स्टुलापुढे म्हटला. उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं होतं. मग खरा प्रश्न तिनं उच्चारला आणि त्याच्यापुढे नर्सबाईंचं हसू पुन्हा दिसलं. तेच हसू, तेच शब्द. पण आता ती बाळंतपणं करणारी एक बाई दिसत होती, लेकुरवाळ्या मुलींचं कौतुक सांगणारी.

थेंबानं गेलेली अब्रू हौदानं भरून येत नाही, हे जजबाईंना माहीत होतं. हा कार्यक्रम कुणी फोनाफोनांवर फिरवणार नव्हतं, याला कुणी गाणं जोडणार नव्हतं. उद्याही दवाखान्यात एखादी बाई नर्सबाईंचा हात झिडकारणारच होती. पण त्यांच्याकडे आलेली तक्रार शहराबद्दल नव्हतीच. ती या एका खोलीबद्दल होती.

धाकटीनं टीव्ही बंद केला.

"मग ती बोलली का नाही?" तिचा आवाज चढला. "एका वाक्यात सुटली असती. माझा भाचाच गेलाय, म्हणाली असती तर कुणाची हिंमत होती?"

जजबाईंना उत्तर द्यावं लागलं नाही. बोलता बोलताच धाकटी थांबली, आणि तिच्या तोंडावरचा राग हळूहळू उतरत गेला.

"मीच नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

ती खाली जमिनीवर बसली. मग जे बोलली, ते जजबाईंशी नव्हतंच. "एवढीशी होते तेव्हापासून बघतेय मी तिला. माझं बाळंतपण तिनं केलं. बाळ गेलं तेव्हा सगळे रडत होते आणि ही मला धरून बसली होती, हललीसुद्धा नाही. आणि एक तुकडा बघून मला पटलं. त्या बाईनं नाही विचारलं, ठीक आहे, ती परकी. मी तरी कुठे विचारलं? सरळ दार लावलं."

"चला," जजबाई म्हणाल्या. "मी येते सोबत."

नर्सबाईंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. धाकटी पुढे चालत होती, जजबाई थोड्या मागे. दारापाशी पोचल्यावर धाकटीचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग आतूनच दार उघडलं. नर्सबाईंनी कार्यक्रम पाहिला होता की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

जजबाई गल्लीतच थांबल्या. आता नर्सबाई काय बोलतील याची त्यांना धाकधूक वाटत होती. तुला कळायला दुसऱ्यांची साक्ष लागली का, असं त्या म्हणाल्या असत्या तर ते अन्यायाचं झालं नसतं.

नर्सबाईंनी बहिणीकडे नीट पाहिलं. गालांची हाडं वर आली होती, साडी अंगावर लोंबत होती.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तरासाठी थांबल्या. धाकटीनं मान हलवली, नाही म्हणून.